मालकांना घेऊन या

बेळगावातल्या शहापूरच्या खडेबाजारातून निघालेल्या दोन बायका दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या असतात, एक सून आणि एक सासू. सुनेच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत फाईल असते. तिच्यात चार सोनोग्राफ्या, थायरॉइडचा रिपोर्ट, रक्ताच्या तपासण्या आणि गर्भनलिकांचा एक्स-रे. लग्नाला तीन वर्षं झालेली. दर सोमवारी कपिलेश्वराला जाऊन झालं, सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोलून झाला, दोन डॉक्टर बदलून झाले. नवे डॉक्टर फाईल शेवटापर्यंत चाळतात, पुन्हा पहिल्या पानावर येतात आणि विचारतात, “मालकांची तपासणी कुठं हाय?” उत्तर सून देत नाही, सासू देते. “त्याला काय धाड भरलीय? चांगला धडधाकट हाय की. दोन पाळ्या माग चालवतोय.”

हा प्रसंग कुणा एकीचा नाही. शहापूर, वडगाव, खासबागच्या विणकर गल्ल्यांतून असो की निपाणीच्या तंबाखूपट्ट्यातून, फाईल बहुतेक वेळा बाईच्या नावाची असते आणि तिच्यात एक कागद नसतो. गंमत अशी, की तो कागद सगळ्यांत स्वस्तात आणि सगळ्यांत लवकर मिळणारा असतो.

वर्षभर नियमित संबंध ठेवूनही दिवस गेले नाहीत, तर वैद्यकशास्त्र त्याला वंध्यत्व म्हणतं. बायकोचं वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच डॉक्टर गाठावा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली दिलेल्या अंदाजानुसार जगात दर सहा माणसांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी या अडचणीला तोंड द्यावं लागतं. अशा जोडप्यांमध्ये जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाच्या बाजूनं काही ना काही कमी असतं. साधारण पाचांपैकी एका ठिकाणी तर कारण फक्त त्याच्याकडेच असतं आणि बायकोचे सगळे रिपोर्ट स्वच्छ असतात.

आता तपासण्यांचा क्रम बघा. गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे पाहायला बाईच्या गर्भाशयात औषध सोडून एक्स-रे काढतात. त्यात कळा येतात आणि अनेकींना ती दुपार जन्मभर लक्षात राहते. दुर्बिणीची तपासणी करायची तर भूल द्यावी लागते. पुरुषाच्या पहिल्या तपासणीला एक स्वच्छ डबी आणि कडी लावलेली एक खोली पुरते. सुई नाही, भूल नाही, टाका नाही. तरीही भूल आधी आणि डबी मागाहून, असा उलटा कारभार आपल्याकडे वर्षानुवर्षं चालू आहे. याला वैद्यकीय कारण काही नाही.

कारण भाषेत सापडतं. ‘वांझ’ हा शब्द बाईला चिकटतो. पुरुषासाठी त्याच्या तोडीचा शब्द रोजच्या मराठीत नाही. आहे तो ‘नपुंसक’, आणि तो चुकीचा आहे. संबंध ठेवण्याची ताकद वेगळी आणि मूल होण्याची क्षमता वेगळी. ज्याच्या वीर्यात एकही शुक्रजंतू नाही त्याचा संसार इतर सगळ्या बाबतींत अगदी सुरळीत असू शकतो. वीर्याचा रंग, दाटपणा, प्रमाण नुसतं पाहून शुक्रजंतू आहेत की नाहीत हे कळत नाही, कारण शुक्रजंतू हा त्या द्रवाचा फार थोडा भाग असतो. बाकीचा द्रव वीर्यकोश आणि पुरःस्थ ग्रंथी (प्रोस्टेट) तयार करतात. म्हणजे माग चालवणारे दंड पाहून सासूनं दिलेल्या प्रमाणपत्राला काडीची किंमत नाही.

जुन्या वैद्यांना हे कळत होतं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शुक्र आणि आर्तव या दोहोंच्या दोषांचा विचार एकाच अध्यायात केला आहे, आणि चरकानं शुक्राचे आठ दोष सांगितले आहेत. ग्रंथात दोघंही होती. व्यवहारात मात्र एकटी बाई उरली. या बेळगाव जिल्ह्यात तर वारस नसणं हे राज्य जाण्याचं कारण ठरलेलं आहे. कित्तूरच्या गादीवर घेतलेला दत्तक कंपनी सरकारनं मानला नाही आणि १८२४ साली राणी चन्नम्मांची लढाई झाली. निपाणीकर देसायांची जहागीर १८३९ साली वारसाविना खालसा झाली. अशा मुलखात मूल न होणं ही घरातली गोष्ट घरात राहिली नाही, यात नवल नाही.

मराठीत या विषयावर उघड बोलणारा पहिला मोठा माणूस म्हणजे र. धों. कर्वे. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ च्या जुलैपासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, ते १९५३ साली मृत्यू येईपर्यंत. खटले झाले, दंड झाला. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लोकांनी कर्व्यांना मूल होऊ न देण्याचे प्रचारक म्हणून लक्षात ठेवलं. पण शरीराविषयी लाज न बाळगता नीट शब्दांत बोलावं, हा त्यांचा आग्रह मूल हवं असणाऱ्यांच्याही तितकाच कामाचा होता. तो धडा आपण घेतला नाही. म्हणून आजही एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘गुप्तरोग, धातू जाणे, मर्दानी कमजोरी’ अशा पाट्या दिसतात, आणि ज्याला वीर्यतपासणीसाठी हॉस्पिटलात जायची लाज वाटते तो लॉजमधल्या वैद्याकडून बिनलेबलाचं चूर्ण मात्र निमूट घेतो. स्वप्नात वीर्य जाणं हा रोग नाही आणि त्यानं मूल होण्यात अडथळाही येत नाही. या भीतीला १९६० साली डॉ. एन. एन. विग यांनी ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. म्हणजे आजार असलाच तर तो भीतीचा.

बेळगावबाबत आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावर मिसोप्रोस्टॉलची गोळी खेड्यातल्या नर्सबाईसुद्धा देऊ शकतात आणि रक्तस्राव जवळपास निम्म्यावर येतो, हे जगाला पटवून देणारा अभ्यास याच जिल्ह्यातल्या १६२० बायकांवर झाला. इथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातले डॉक्टर त्यात होते आणि २००६ साली तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. आई कशी जगवावी हे या जिल्ह्यानं जगाला शिकवलं, पण त्याच जिल्ह्यातला बाप अजून तपासणीच्या खोलीपर्यंत पोचायचा आहे.

शुक्रजंतूचं पहिलं वर्णन केलं ते डेल्फ्टच्या अंतोनी व्हान लेवेनहूक या कापड दुकानदारानं, १६७७ साली. कापडातले धागे मोजायला भिंग वापरता वापरता त्यानं स्वतःची सूक्ष्मदर्शकं घडवली. शहापूरकरांना हे ऐकून बरं वाटावं, कारण या शोधाची सुरुवात सुतातूनच झाली.

वृषण हा खरोखरच न थांबणारा माग आहे. बाई जन्मताना स्त्रीबीजांचा साठा घेऊन येते आणि तो घटत जातो. पुरुषाचा माग वयात आल्यापासून म्हातारपणापर्यंत चालू असतो, आणि निरोगी माणसात दर सेकंदाला हजाराच्या आसपास नवे शुक्रजंतू तयार होतात. पण एक शुक्रजंतू विणून पुरा व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात. त्यानंतर वृषणामागच्या गुंडाळलेल्या नळीत तो काही दिवस मुरतो आणि पोहायला शिकतो. सगळा हिशेब अडीच ते तीन महिन्यांचा.

हा हिशेब एकदा डोक्यात बसला की बरंचसं कोडं सुटतं. गणपतीत डेंग्यूचा कडक ताप आला असेल तर दिवाळीच्या सुमाराला केलेला रिपोर्ट खराब निघू शकतो. त्यावर रडण्यात अर्थ नाही, थोडं थांबून पुन्हा तपासायचं. उलट बाजूनं, आज तंबाखू सोडली आणि पंधरा दिवसांत रिपोर्टमध्ये फरक दिसला नाही म्हणून ‘काही उपयोग नाही’ असं म्हणत पुन्हा चुना मळायला घेणारा माणूस मागावरची साडी अर्ध्यात कापतो. तीन महिने धीर धरायला हवा. डॉक्टरही एका रिपोर्टवर निकाल देत नाहीत. काही आठवड्यांच्या अंतरानं दुसरा करायला सांगतात.

या मागाला उष्णता सोसत नाही. वृषण शरीराबाहेर पिशवीत लोंबतात ते उगाच नव्हे. त्यांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं. उद्यमबागच्या फाउंड्रीत भट्टीपुढे उभा राहणारा कामगार, बेकरीतला भट्टीवाला, राष्ट्रीय महामार्गावर दिवसदिवस ट्रकच्या गरम सीटवर बसणारा ड्रायव्हर, मांडीवर लॅपटॉप ठेवून रात्र काढणारा इंजिनियर, हे सगळे यात येतात. प्रत्येकाला त्रास होतोच असं नाही. ज्याचा आकडा आधीच काठावर आहे त्याला मात्र ही उष्णता भारी पडते. नोकरी सोडणं कुणाला परवडणार? पण भट्टीपासून मधे मधे लांब जाणं, पाळी बदलून घेणं, गाडी थांबवून दहा मिनिटं चालणं, कढत पाण्याच्या टबात न बसणं, हे जमण्यासारखं आहे.

कपड्यांचाही संबंध आहे. २०१८ साली हार्वर्डच्या संशोधकांनी ६५६ पुरुषांची माहिती प्रसिद्ध केली. सैल चड्डी वापरणाऱ्यांच्या वीर्यात शुक्रजंतूंचं प्रमाण घट्ट चड्डीवाल्यांपेक्षा २५ टक्क्यांनी अधिक होतं. फ्रान्समध्ये तर काही डॉक्टरांनी वृषण दिवसभर अंगाशी वर उचलून धरणारी खास चड्डी संततिनियमनासाठी वापरून पाहिली आणि ती चालली. हे वाचून तालमीतल्या पोरांनी लंगोट टाकून द्यायची गरज नाही. मेहनतीपुरता तास-दोन तास कसलेला लंगोट आणि दिवसभराची उब यांत फरक आहे. मेहनत झाली की मात्र तो सोडावा.

याच उष्णतेच्या घरातलं एक कारण पुरुषांत सर्वांत जास्त आढळतं आणि बऱ्याचदा दुरुस्तही होतं. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या विणकराच्या पोटरीवर निळ्या शिरा फुगतात, तशाच शिरा वृषणाच्या वर, बहुधा डाव्या बाजूला फुगतात. डॉक्टर त्याला व्हेरिकोसील म्हणतात. साधारण १५ टक्के पुरुषांत तो असतो आणि मूल न होण्याची तक्रार घेऊन आलेल्यांत ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत. उभं राहून तपासलं की अनुभवी डॉक्टरच्या हाताला त्या लागतात. रिपोर्ट कमी असेल तर छोटी शस्त्रक्रिया करून त्या बांधता येतात, आणि त्यानंतर पुन्हा तोच तीन महिन्यांचा हिशेब. हाताला लागतही नाहीत, फक्त सोनोग्राफीत दिसतात, अशा बारीक शिरांसाठी ऑपरेशनची घाई करू नये.

निपाणीची गोष्ट जरा अवघड आहे. या पट्ट्यानं तंबाखूवर घरं बांधली, पोरं शिकवली. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी महामार्गावर बसले आणि ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. विडी वळणाऱ्या बायकांचे लढेही याच गावातले. अशा गावात जाऊन तंबाखू वाईट असं सांगणारा माणूस पोटावर पाय देणारा वाटतो. तरीही ज्याला बाप व्हायचं आहे त्याला हे सांगायलाच हवं, की धूर असो की चघळणं, दोन्हीनं शुक्रजंतूंची संख्या आणि चाल कमी होते आणि त्यांच्या आतल्या गुणसूत्रांना इजा होते. तंबाखू चघळणाऱ्या पुरुषांवर २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की दिवसातून जितक्या जास्त वेळा बार, तितका रिपोर्ट खाली. ‘सिगारेट नाही ओढत, फक्त मावा खातो’ ही सबब इथंच संपते. ओल्या पानांतून निकोटिन कातडीवाटे अंगात जातं आणि मळमळ, चक्कर येते हे तंबाखूची तोडणी करणाऱ्याला कुणी शिकवायला नको. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घातला तर निदान एवढं तरी टळतं.

शेतातल्या फवारणीचं काय? याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण कॅलिफोर्नियातलं आहे. लॅथ्रोप गावात एका रसायन कारखान्यात डीबीसीपी नावाचं औषध बनायचं. जमिनीतले सूत्रकृमी मारण्यासाठी ते वापरत. १९७७ च्या सुमाराला तिथल्या कामगारांच्या गप्पांत एक गोष्ट लक्षात आली, की त्या विभागात काम करणाऱ्या अनेकांना मूलच होत नव्हतं. तोवर प्रत्येकजण आपल्यापुरता गप्प होता. तपासणी झाली तेव्हा कुणाच्या वीर्यात शुक्रजंतू अगदी कमी, कुणाच्या शून्य. जितकी वर्षं कामाला, तितकी वाईट स्थिती. १९७९ साली अमेरिकेत त्या औषधावर जवळपास पूर्ण बंदी आली, पण मध्य अमेरिकेतल्या केळीच्या मळ्यांत ते वापरलं गेलं आणि तिथले हजारो मजूर पुढे कोर्टात गेले. हे कळलं ते चार पुरुष एकमेकांशी बोलले म्हणून. डॉक्टर त्यानंतर आले. आपल्या ऊसतंबाखूच्या शेतात आज डीबीसीपी नाही. पण उघड्या अंगानं, वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून, पाठीवरच्या गळक्या पंपानं फवारणारा माणूस कोणतंही औषध अंगावर घेतोच. वाऱ्याकडे पाठ, तोंडाला फडकं, हातात मोजे आणि घरी आल्यावर अंघोळीआधी कुणाला हात न लावणं, हे मूल हवं असो वा नसो, पाळण्यासारखं आहे.

तालमी ओस पडून त्यांच्या जागी जिम आली, आणि तिच्यासोबत सुया आल्या. पिळदार दिसण्यासाठी टेस्टोस्टेरॉनची किंवा तत्सम इंजेक्शनं घेणारा तरुण स्वतःला जास्त मर्द समजतो. शरीराचा हिशेब उलटा आहे. बाहेरून हार्मोन मिळू लागलं की मेंदू वृषणाला ‘तू आता विश्रांती घे’ असा निरोप पाठवतो आणि माग बंद पडतो. हे इतकं खात्रीचं आहे, की जागतिक आरोग्य संघटनेनं पुरुषांसाठी संततिनियमन म्हणून हेच इंजेक्शन तपासलं. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत दर आठवड्याला सुई घेणाऱ्या पुरुषांपैकी निम्म्याहून अधिकांचे शुक्रजंतू सहा महिन्यांत शून्यावर आले. इंजेक्शन बंद केल्यावर बहुतेकांचा माग पुन्हा सुरू होतो, पण त्याला सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. डॉक्टरनं ‘अशक्तपणा’ म्हणून टेस्टोस्टेरॉन लिहून दिलं तरी, मूल हवं आहे हे आधी सांगावं. केस गळू नयेत म्हणून घेतलेली फिनास्टेराइडची गोळी, पोटाच्या विकारावरची सल्फासॅलझिन, अशी औषधंही सांगावीत. आपणहून बंद करू नयेत.

मग खायचं काय? हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारला जातो आणि त्याचं उत्तर सगळ्यांत फिकं आहे. झिंक आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्या पुरुषाला सर्रास दिल्या जातात. २०२० साली अमेरिकेत २३७० जोडप्यांवर झालेल्या मोठ्या चाचणीत त्या गोळ्यांनी ना शुक्रजंतू सुधारले, ना जन्मलेल्या मुलांची संख्या वाढली. भाकरी, डाळ, पालेभाजी, फळ, मूठभर शेंगदाणे, परवडतील तसे मासे-अंडी, आणि कमी झालेलं पोट, यांना गोळीचा पर्याय नाही. दारू कमी करावी, शक्यतो सोडावी. साखर तपासून घ्यावी, कारण मधुमेहात वीर्य बाहेर न येता उलटं मूत्राशयात जाऊ शकतं.

वेळेचंही गणित आहे आणि सीमाभागात ते फार बिघडतं. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. इथल्या घराघरातला मुलगा सीमेवर, नाहीतर पुण्याच्या कंपनीत, गोव्याच्या हॉटेलात. तो महिन्याने, चार महिन्यांनी सुट्टीवर येतो. स्त्रीबीज सुटतं त्या दिवशी आणि त्याआधीच्या पाच दिवसांत, म्हणजे महिन्यातल्या जेमतेम सहा दिवसांत संबंध आले तरच गर्भ राहू शकतो. शुक्रजंतू आत काही दिवस जगतात, बीज मात्र एक दिवसभरच. २८ दिवसांची पाळी असेल तर हे दिवस साधारण दहाव्या ते पंधराव्या दिवसाच्या आसपास येतात. सुट्टी या दिवसांत पडली नाही तर दोघंही निरोगी असून वर्ष फुकट जातं, आणि दोष पुन्हा तिच्याच कपाळी. सुट्टीचा अर्ज पाळीच्या तारखा पाहून टाकावा, हा सल्ला ऐकायला विचित्र वाटेल, पण त्याला पैसा लागत नाही. आणि ‘साठवून’ ठेवू नये. दोन-तीन दिवसांआड संबंध पुरेत, आठ-दहा दिवस थांबल्यानं शुक्रजंतू ताजे राहत नाहीत, शिळे होतात. तेल किंवा क्रीम वापरलं तर त्यानं त्यांची चाल मंदावू शकते.

आता रिपोर्ट. सीमाभागात पाट्या कानडीत की मराठीत यावरून पिढ्या भांडल्या. वीर्याचा रिपोर्ट मात्र इंग्रजीत येतो, आणि तो दोन्ही बाजूंना कळत नाही. त्यावर कधी ‘ऑलिगोअस्थेनोटेराटोझूस्पर्मिया’ असा आगगाडीएवढा शब्द असतो. त्याचा अर्थ एवढाच, की संख्या कमी, चाल मंद, आकार बिघडलेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे खालची मर्यादा अशी: एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्रजंतू, एकूण वीर्य १.४ मिलिलिटर, हलणारे ४२ टक्के, सरळ पुढे पोहणारे ३० टक्के, आणि नीट आकाराचे फक्त ४ टक्के. हा शेवटचा आकडा वाचून अनेकांचा जीव खाली जातो. ‘९६ टक्के बिघडलेले’ म्हणजे नापास असं त्यांना वाटतं, पण ते काठावर पास आहे. या मर्यादा ठरवल्या त्या वर्षभरात बाप झालेल्या पुरुषांच्या वीर्यावरूनच, आणि त्यांच्यातल्या दर शंभरात पाचजण या आकड्यांच्याही खाली होते. तेव्हा आकडा कमी म्हणजे दार बंद नव्हे. वेळ जास्त लागेल, एवढंच. जगभर शुक्रजंतू घटत चालल्याचं सांगणारे अभ्यास १९९२ पासून गाजत आहेत. जुन्या आणि नव्या मोजण्यांची तुलना कितपत खरी, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. शहापूरच्या माणसाला त्या वादापेक्षा स्वतःचा कागद महत्त्वाचा.

शून्य आलं तर? अशा पुरुषांचं प्रमाण एकूण पुरुषांत शंभरात एक. शून्याचेही दोन प्रकार आहेत. एकात माग चालू असतो, पण रस्ता बंद. क्षयानं किंवा जुन्या जंतुसंसर्गानं नळी चिकटलेली, हर्नियाच्या ऑपरेशनात दुखावलेली, किंवा जन्मतःच नसलेली. दुसऱ्यात मागच थांबलेला असतो. वयात आल्यावर झालेल्या गालगुंडानं वृषण सुजलेले, लहानपणी वृषण पोटातून खाली न उतरलेले, कर्करोगाचं औषध घेतलेलं, किंवा क्लाइनफेल्टरसारखी गुणसूत्रांची गडबड. रक्तातले हार्मोन आणि डॉक्टरच्या हाताची तपासणी यांवरून बहुतेकदा फरक कळतो. वृषणातून सुईनं शुक्रजंतू काढता येतात. १९९२ साली ब्रुसेल्समध्ये इक्सीची पद्धत यशस्वी झाली, तिच्यात एकच शुक्रजंतू उचलून थेट बीजात सोडतात. त्यामुळे पूर्वी ज्याला ‘कधीच नाही’ सांगत त्यालाही आता स्वतःचं मूल होऊ शकतं. भारतात १९८६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं तेव्हा हे पुढचं पाऊल अजून पडायचं होतं. दात्याचे शुक्रजंतू वापरायचे तर २०२१ च्या कायद्यानं ते नोंदणीकृत बँकेतूनच घ्यावे लागतात आणि नवराबायको दोघांचीही लेखी संमती लागते. कुणी गुपचूप ‘करून देतो’ म्हणालं तर तिथून उठावं.

बाळाच्या बाबतीतली एक गोष्ट मात्र आईबापांच्या हातात आजच आहे. मुलाचे दोन्ही वृषण पिशवीत उतरलेत का, हे अंघोळ घालणाऱ्या आजीला सहज कळतं. सहा महिन्यांनंतरही एक वर राहिला असेल तर बालशल्यचिकित्सकाला दाखवावं. दीड वर्षाच्या आत ऑपरेशन झालं तर पुढची बरीचशी हानी टळते. आणि वयात येणाऱ्या पोराला अचानक वृषणात असह्य कळ आली तर पीळ पडलेला असू शकतो. अशा वेळी सहा तासांच्या आत ऑपरेशन व्हावं लागतं, सकाळची वाट पाहू नये.

पहिली पायरी तेवढी राहिली. तपासणीआधी कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त सात दिवस संबंध टाळावेत. नमुना पूर्ण गोळा करावा. पहिला थेंब सांडला तर लॅबला तसं सांगावं, कारण बरेच शुक्रजंतू त्यातच असतात. नमुना तासाभरात, अंगाच्या उबेत लॅबमध्ये पोचावा लागतो. निपाणीहून बेळगावला यायला तासापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून घरून डबी घेऊन एसटीत बसू नये. नमुना लॅबमध्येच द्यावा. जायच्या आधी फोन करून एवढंच विचारावं, की तिथं कडी लागणारी वेगळी खोली आहे काय. आणि दवाखान्यात बायकोबरोबर यावेळी सासूनं नाही, नवऱ्यानं जावं.